स्पीकरच्या पाठीमागे

३ एप्रिल १९८३, रविवार. नालवाडी, वर्धा

आलो एकदाचे! ट्रकमधून सगळं सामान उतरलं, फुटली ती फक्त लोणच्याची बरणी. माझे दोन्ही स्पीकर जसेच्या तसे. साताऱ्यापासून ते मी जवळ धरून बसलो होतो. नलूचं म्हणणं, बरणी धरून बसले असते तं जेवणात लोणचं तरी आलं असतं. बायकोशी वादात मी आजवर एकदाही जिंकलेलो नाही.

वर्ध्याची नोकरी मी मागून घेतली. कॉलेजात पदार्थविज्ञान इथंही तेच, आणि नलूचं माहेर देवळी इथून बसने जेमतेम पाऊण तास. सातवा महिना सरलाय. पहिलं बाळंतपण माहेरीच, हे सासूबाईंनी लग्नातच ठरवल्यासारखं आहे. शुक्रवारी तिचा भाऊ चंद्रभान येऊन तिला घेऊन जाईल. जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही तिघं होऊ.

घर झकास आहे. मुख्य म्हणजे बैठकीची खोली अठरा फूट लांब. साताऱ्याच्या खोलीत स्पीकर भिंतीला पाठ लावून उभे असायचे, शिक्षा केलेल्या मुलांसारखे. इथं त्यांना श्वास घेता येईल.

१० एप्रिल

नलू गेली. घर फार मोठं वाटतं. हे तिला पत्रात लिहिणार नाही, लगेच डोक्यावर बसेल.

आठवडाभर स्पीकरच्या जागा ठरवतोय. हे नेहमीचे स्पीकर नव्हेत. यांना भोंगा नाही, पेटी नाही. दाराच्या फळीच्या निम्म्या उंचीची चौकट, तिच्यात जाळीचे दोन पत्रे आणि मधोमध कांद्याच्या पापुद्र्यासारखी प्लास्टिकची फिल्म. तिच्यावर काही हजार व्होल्टचा भार असतो. ती थरथरते आणि गाते. पंचवीस वर्षांपूर्वीची विलायती जोडी. पुण्याचे एक म्हातारे वकील मुलाकडे परदेशी निघाले, तेव्हा जपणारा मिळाला म्हणून मला देऊन गेले.

यांची एक खोड आहे. आवाज पुढून निघतो तितकाच मागूनही निघतो. म्हणून भिंतीपासून चार फूट पुढे ठेवावे लागतात. मी खडूने खुणा करून इंच इंच सरकवले. समोर एकच खुर्ची, माझी. तिथं बसलं की सतारिया अगदी पुढ्यात बसलेला असतो.

घरकामाला देवकाबाई मिळाल्या. पन्नाशीच्या, एकट्या, कमी बोलणाऱ्या. तांदूळ निवडायला त्या नेमक्या डाव्या स्पीकरच्या मागे जाऊन बसतात. तिथं गार वाटते म्हणाल्या.

१७ एप्रिल

आज संध्याकाळी तबकडी संपली तरी देवकाबाई मागून उठेनात. जाऊन पाहिलं तर तांदळाचं सूप मांडीवर आणि डोळ्यांना धार लागलेली. मला वाटलं, यमन ऐकून रडू आलं. मी खूशही झालो.

त्यांनी सांगितलं ते निराळंच होतं. त्यांची मुलगी बेबी नऊ वर्षांची असताना काविळीनं गेली, त्याला सहा वर्षं झाली. ती आत बोलते. रोज बोलते. “माही बेबी बोलून राह्यली सर, पाणी दे म्हंते.”

मी मास्तर तो मास्तर. मागचा आवाज पुढच्याच्या बरोबर उलटा असतो, भिंतीवर आपटून परत येतो, कानाला भास होतात, असं वीस मिनिटं समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, तुमच्या पुस्तकात बेबी नाई. मग पोळ्या करायला गेल्या.

२२ एप्रिल

देवकाबाई गेल्यावर मी मागे जाऊन बसलो. गंमत म्हणून. तबकडी लावलीच नाही, स्पीकर नुसते चालू होते.

दहा मिनिटं काहीच नाही. मग खूप लांबून अण्णा म्हणाले, बाळू, सायकलला कुलूप लावलंस का?

अण्णा म्हणजे माझे वडील. चौऱ्याहत्तर साली गेले. मी तेव्हा परीक्षेला बसलो होतो, शेवटची भेट झाली नाही. रोज संध्याकाळी ते हेच विचारायचे आणि मी चिडायचो. आज जमिनीवर बसून हो अण्णा, लावलं, असं म्हणालो आणि लहान पोरासारखा रडलो. ते ऐकू शकत नाहीत. पुन्हा तेच विचारत राहिले.

३० एप्रिल

ऊन पंचेचाळीसच्या घरात. कूलर लावला की वाळ्याच्या ताट्यांची ओल हवेत येते आणि स्पीकर चरचर चरचर करतात. म्हणून कूलर बंद. वर्ध्याच्या उन्हाळ्यात कूलर बंद ठेवणारा माणूस बहुधा मी एकटाच. शेजाऱ्यांना मी वेडा वाटतो.

अण्णांचा आवाज अर्धामुर्धाच येतो. फिल्म जुनी झाली, सैल पडलीय. नागपूरला कंडेन्सर बनवणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडे याहून निम्म्या जाडीची फिल्म आहे. ती बसवली की शब्दन् शब्द ऐकू येईल.

देवकाबाईंना सांगितलं तर त्यांनी माझे पायच धरले. “काऊन बदलवता सर? त्यातच हाय ना ते. नका बदलवू.” मी म्हणालो, बेबी उलट स्वच्छ बोलेल. मला तसं खरंच वाटत होतं.

४ मे

काम झालं. चौकटी खोलल्या, जुनी फिल्म हात लावताच भुगा झाली. नवी ताणून चिकटवली, वरून न टेकवता इस्त्री फिरवली, कापसाने शिसपेन्सिलीची पूड घासली. तीन दिवस जेवणाचीही शुद्ध नव्हती.

पुढून आवाज असा, की वाटावं आजवर कानात बोळे होते.

मागे अण्णा नाहीत.

देवकाबाई आल्या, पदर सावरून आपल्या जागी बसल्या. तासभर बसल्या. मी पायरीवर उभा होतो, खोलीत जायची हिंमत झाली नाही. उठल्यावर त्या ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, एकदा काविळीनं मारली, एकदा तुमी मारली. झाडू कोपऱ्यात उभा केला आणि गेल्या.

काय केलं मी हे!

८ मे

आज मागे आवाज आला.

अण्णांचा नाही. नलूचा.

मला हाक मारत होती. अहो, अहो, अशी. लाडाने मारते तशी नाही.

९ मे

पहिल्या एसटीने देवळीला गेलो. नलू ओसरीवर कैरी-मीठ खात बसलेली. ठणठणीत. मला पाहून हसली, दाढी काऊन नाई केली म्हणाली. पोटावर माझा हात ठेवला. बाळ लाथ मारतं.

मी तिला वर्ध्याला न्यायचं काढलं, तिथं मोठं हॉस्पिटल आहे म्हणून. सासूबाईंना राग आला. पहिलं बाळंतपण माहेराहून उचलून न्यायचं म्हणजे त्यांच्या तोंडाला काळं. कारण काय, असं चंद्रभानने विचारलं. काय सांगू? स्पीकर म्हणाला?

नलू म्हणाली, इथंच राहा ना, सुट्टीच हाय. मी पेपर तपासायचे आहेत म्हणालो. खोटं. मला परत येऊन ऐकायचं होतं. कदाचित भासच असेल.

१३ मे

भास नाही.

“मी वाट पाह्यली. तुमी आले नाई.” हेच, पुन्हा पुन्हा. आवाज थकलेला.

देवकाबाईंच्या घरी गेलो, हात जोडून घेऊन आलो. त्या मागे बसल्या. त्यांना काहीच ऐकू येत नाही. नलूही नाही, बेबीही नाही.

त्या गेल्यावर मला कळलं. जुनी फिल्म गेलेल्यांची होती. ही नवी, पुढे जाणार असलेल्यांची आहे. देवकाबाईंचं जायला आता कोणी उरलेलंच नाही.

१४ मे

विचार केला. घाबरून चालणार नाही. दिवस कळला पाहिजे. दिवस कळला की आदल्या दिवशी गाडी घेऊन जाईन, उचलून हॉस्पिटलात नेईन, सासूबाई काय म्हणायचं ते म्हणोत. ती कधीतरी दिवस सांगेलच. म्हणून इथंच बसायला हवं. कूलर बंद. खिडक्या बंद, धूळ नको.

१९ मे

विचारतो, कोणता वार? ऐकत नाही. अण्णांसारखंच.

देवळीहून कार्ड आलंय. नलूचं अक्षर. पाय सुजलेत, तुमी येजो, मले करमत नाई. उद्या जातो.

२० मे

गेलो नाही. पहाटे ती म्हणाली, चंद्रभानदादानं गाडी जुंपली, पण— आणि थांबली. पण काय? दिवसभर तिथंच बसलो.

२३ मे

पाण्याचा हंडा रिकामा. उठावंसं वाटत नाही. उठलो आणि तेवढ्यात बोलली तर.

नलू, मी तुझ्यासाठीच बसलोय गं.

२४ मे

आज म्हणाली, “लय दुखून राह्यलं.”

बस. उद्या सकाळची सहाची एसटी. दिवस कळो न कळो.

२५ मे, बुधवार

साडेपाच. पिशवी भरली. निघता निघता एकदाच मागे बसलो.

“पोरगी झाली,” म्हणाली. “आईनं मले दाखवली. नाक तुमचं हाय. त्या दिवशी—”

वीज गेली.

सव्वासहा. एसटी गेली. वीज नाही. एकच शब्द उरलाय. एवढं ऐकून निघतो.

नऊ. नाही. फिल्मवर थोडा भार असेल अजून. कान लावून बसलोय. काही नाही.

बारा. दुसरी गाडीही—

पाऊण. वीज आली. थांबलो, भार चढू दिला. बोलली.

“बुधवार होता. पहाटे. तुमी आले नाई.”

पोरगीचा आवाज त्यात कुठंच नाही. म्हणजे पोरगी राहील. पोरगी राहील.

बुधवार. आजच बुधवार आहे. पण पुढचाही असतो. जूनचा पहिला आठवडाच सांगितलाय डॉक्टरने, पुढचा बुधवार म्हणजे एक जून, बरोबर बसतं. हो. पुढचाच. आत्ता निघालो तर आठ दिवस हातात—

फाटक वाजलं.

खिडकीतून दिसतो. चंद्रभान. सायकल भिंतीला लावतोय. एरवी फाटकातूनच जवाईबुवा म्हणून हाळी देतो. आज नाही. डोक्यावरचा दुपट्टा काढून हातात घेतलाय. वर बघत नाही.

दार वाजवतोय. मी उघडलेलं नाही. तो अजून काही बोललेला नाही. तो बोलत नाही तोवर पुढचा बुधवार—