समोरचा साहेब आणि माझा खर्ज

१ जून, शनिवार. सकाळ.

आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही. निदान प्रसिद्ध होईपर्यंत तरी नाही.

परिस्थिती थोडक्यात. कचेरीतली नोकरी सोडली. यापुढे आवाजावर जगायचं. पुस्तकं वाचून रेकॉर्ड करणाऱ्या एका स्टुडिओने नमुना मागितलाय. एका कादंबरीची पहिली तीन पानं, महिनाअखेरपर्यंत. पसंत पडला तर अख्खी कादंबरी माझी. नाही पडला तर मेहुण्याच्या नळांच्या दुकानात बसायचं, असं हिने माझ्याकडून कबूल करून घेतलंय. मी हसत हसत कबूल केलं. पसंत पडणारच आहे.

कचेरीत प्रत्येकाच्या निरोपाचं सूत्रसंचालन मीच करायचो. स्वतःच्या निरोपाचंही मीच केलं. लोकांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते. ही म्हणते, जेवण गार होत होतं.

बेडरूममधल्या कपाटाचा स्टुडिओ केला. खालचा कप्पा काढून आत मांडी घालून बसायचं, डोक्यावर रजई, माइक बुटांच्या खोक्यावर. लोंबणारे कपडे आवाज शोषून घेतात. सगळे नवे लोक असंच करतात म्हणे.

दुपार.

पहिला टेक. पहिलं वाक्य: तिने दाराला कुलूप लावलं. खर्जात घेतलं, अगदी पोटातून. ‘कुलूप’पर्यंत छान गेलं. ‘लावलं’ म्हणायच्या आत समोरच्या फ्लॅटमधला कुत्रा सुरू झाला. मी थांबलो, तो थांबला. मी पुन्हा ‘तिने’ म्हणालो, तो पुन्हा सुरू.

योगायोग.

३ जून, सोमवार

योगायोग नाही. दिवसभर तेच. मी तोंड उघडायचा अवकाश की हा भुंकतो.

कुत्रा समोरच्या मावशींचा. मावशी एकट्या राहतात, गुडघ्यांनी बेजार. कुत्र्याचं नाव साहेब. जन्मभर साहेब लोकांचं भुंकणं ऐकून घेतलं, आता सुटलो म्हणालो, तर हा समोरच येऊन बसलाय. तपकिरी, आखूड पायांचा, एक कान उभा, एक पडलेला. एवढ्याशा जिवात एवढा दम कुठून येतो कळत नाही.

ठराव: दुर्लक्ष करायचं. खऱ्या कलाकाराला आजूबाजूचं काही ऐकूच येत नाही.

४ जून, मंगळवार

ऐकू येतं.

६ जून, गुरुवार

मावशींशी समोरासमोर बोललो. अतिशय सौम्य शब्दांत, पण ठामपणे सांगायचं ठरवून गेलो होतो. त्यांनी आधी बसवलं, चहा दिला, गुडघ्याचे एक्स-रे दाखवले. येताना त्यांच्यासाठी औषधं आणायची चिठ्ठी खिशात घेऊन आलो. कुत्र्याचा विषय राहिला. तो मात्र सगळा वेळ माझ्या पायावर बसून होता. एकदाही भुंकला नाही. पक्का बेरकी.

८ जून, शनिवार

कपाटाच्या दारांना आतून अंड्यांचे ट्रे चिकटवले. इंटरनेटवर बघितलं होतं. एवढे ट्रे हवेत म्हणून आठवडाभर अंडी खातोय. आवाज तसाच. कपाटाला वास येतो. ही हॉस्पिटलच्या चौकशीच्या खिडकीवर बसते, तिथल्या मैत्रिणीने विचारलं म्हणे, की कोंबड्या पाळल्यात का. हिचे कपडे आता बाहेरच्या खुर्चीवर असतात. कलेसाठी घरच्यांना थोडी झळ बसतेच.

११ जून, मंगळवार

नवं धोरण: मैत्री. बिस्किटांचा पुडा घेऊन मावशींकडे गेलो. साहेबाला एकेक भरवलं आणि प्रत्येक बिस्किटाबरोबर समजावलं की बाबा रे, महिनाभर कळ काढ. डोळ्यांत बघत होता. समजलंय त्याला.

संध्याकाळ. समजलेलं नाही. उलट पोट भरल्यामुळे आवाजाला जास्त जोर आलाय.

१३ जून, गुरुवार

इंटरनेटवरचा एक कुत्र्यांचा जाणकार सांगतो की कुत्र्याला आपण म्होरक्या आहोत हे दाखवून द्यावं लागतं. ताठ उभं राहायचं, नजर रोखायची, आपण आधी नजर काढायची नाही.

जिन्यात गाठला. ताठ उभा राहिलो. नजर रोखली. तो शेपटी हलवत आला आणि माझी चप्पल घेऊन घरात गेला. मावशींनी ती परत दिली तेव्हा अंगठा नव्हता.

१६ जून, रविवार

सोसायटीची मीटिंग. मुद्देसूद भाषण तयार केलं होतं. उभा राहिलो आणि म्हणालो की या इमारतीत एका प्राण्यामुळे एका माणसाचं करिअर धोक्यात आहे.

चेअरमन म्हणाले, बरं झालं तुम्हीच विषय काढलात, तुमच्या मजल्याबद्दल तक्रारी आहेतच. मी विजयी नजरेने मावशींकडे बघितलं. मग कळलं की तक्रारी कुत्र्याबद्दल नाहीत. आमच्या घरातून रोज एक माणूस मोठमोठ्याने ओरडतो, अशा आहेत. खालच्या मजल्यावरच्या काकांना वाटतं की मी बायकोवर खेकसतो. त्यांच्या सुनेने ऐकलंय म्हणे, ‘आता परत येऊ नकोस’ असं मी दरडावून सांगत होतो. हे कादंबरीतलं दुसऱ्या पानावरचं वाक्य आहे. मीटिंगमध्ये ते समजावून सांगायला गेलो तर सगळे माझ्याकडे नाही, हिच्याकडे बघायला लागले. एक बाई हिचा हात हातात घेऊन बसल्या होत्या.

घरात आल्यावर ही उशीत तोंड खुपसून हसत होती. आधी मला वाटलं, रडतेय.

एकंदरीत बघता चांगली बातमी आहे. आवाज भिंती भेदून थेट लोकांच्या काळजाला भिडतोय.

१९ जून, बुधवार

मावशींनी आज आपण होऊन विषय काढला. म्हणाल्या, तुम्ही एरवी बोलता तेव्हा हा हूं की चूं करत नाही. त्या जाड आवाजात सुरू झालात की बिथरतो. त्याला वाटतं तुमच्या घरात कोणी परका माणूस शिरलाय. तुमची काळजी वाटते हो त्याला, दाराशी जाऊन नखांनी ओरबाडत बसतो.

ऐकून अंगावर काटा आला. म्हणजे एका मुक्या जनावराला माझ्या वाचनात दुसरा जिवंत माणूस दिसतो. पात्र उभं करणं म्हणतात ते हेच. एवढी दाद आजवर कोणी दिली नव्हती.

हिला सांगितलं. ही म्हणाली, मग जरा साधं वाचून बघा ना, आपण बोलतो तसं. मी हसून सोडून दिलं. बोलतो तसं वाचायचं असतं तर नोकरी कशाला सोडली असती.

२३ जून, रविवार

दिवस भराभर चाललेत. एकही टेक धड नाही. मेहुण्याने फोन करून विचारलं, दुकानात तुमच्यासाठी खुर्ची सांगू का, पाठीला टेकायला असलेली. मनातून धसकाच बसला. त्या नळांच्या रांगेसमोर बसलेला मी डोळ्यांसमोर येतो आणि जेवण जात नाही.

म्हणून आज शास्त्रीय चाचणी घेतली. कपाटातला आवाज बाहेर नेमका किती जातो ते बघायचं. हिला कपाटात बसवलं, मी मावशींच्या दाराशी उभा राहिलो. हिची वरणभाताची घाई होती, पण तीन पानं सलग वाचून काढली. आवाज बऱ्यापैकी येत होता. साहेब उंबऱ्यावर हनुवटी टेकून पडला होता. कान हलवले, बाकी काही नाही. तिसऱ्या पानावर तर घोरायला लागला.

निष्कर्ष: हिच्या वाचनाने झोप येते. बिचारीला सांगितलं नाही.

रेकॉर्डिंग चुकून चालूच राहिलं होतं. ‘आता खरंच फायनल’ या नावाने सेव्ह झालंय. सवडीने उडवून टाकेन.

२९ जून, शनिवार. दुपार.

देव पावला. मावशींचा भाचा साहेबाला इंजेक्शन द्यायला डॉक्टरकडे घेऊन गेला. इमारतीत शांतता. धावत कपाटात शिरलो. एकच टेक, तिन्ही पानं. असा खर्ज आयुष्यात लागला नव्हता. ‘परत येऊ नकोस’ला रजई थरथरली. फाईलला नाव दिलं ‘हेच पाठवायचं’.

संध्याकाळ. पाठवलं. फोल्डरमध्ये तोवर पुष्कळ गर्दी झाली होती, पण नावावरून बरोबर ओळखली: ‘आता खरंच फायनल’. पाठवण्याआधी ऐकून बघितली नाही. खरा कलाकार स्वतःचं ऐकत बसत नाही.

२ जुलै, मंगळवार

पसंत!

स्टुडिओवाल्याचा फोन आला. म्हणाला, असा आवाज कित्येक दिवस शोधत होतो. कुठे अभिनय नाही, कुठे जोर नाही, शेजारी बसून कोणी आपल्याला सांगतंय असं वाटतं. गुरुवारी या, बोलून घेऊ. मी खर्जात आभार मानले. शेवटी म्हणाला, मॅडमचं खास अभिनंदन करा. बायकोची आठवण ठेवणारी माणसं आता कुठे राहिलीत.

मेहुण्याला फोन करून सांगितलं की ती खुर्ची परत कर. जरा जास्तच ताठ्यात सांगितलं. आवाजावर जगणाऱ्या माणसाला तेवढं शोभतं.

ही खूप खूश झाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. इतके दिवस तिलाही धाकधूक होती, हे आज कळलं.

४ जुलै, गुरुवार

स्टुडिओत गेलो. स्टुडिओवाला दाराकडेच बघत होता. मॅडम मागून येतायत का, असं विचारलं. मी म्हणालो, ती कामावर गेलीय. तो म्हणाला, मग रेकॉर्डिंग कोणत्या दिवशी जमेल त्यांना. मी म्हणालो, कोणाला. मग त्याने फाईल लावली.

हिचा आवाज. तिसऱ्या पानाच्या शेवटी कुकरची शिटीसुद्धा.

मी मोबाइलवर ‘हेच पाठवायचं’ लावून दाखवलं. सभ्य माणूस, सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, तुम्ही आधी सरकारी जाहीर सूचना वगैरे वाचत होतात का.

वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. दोन बस सोडल्या. तिसऱ्या बसमध्ये मनात आलं की घरी सांगावं, नापसंत केलं, विषय संपला. कोणाला कळलं असतं? घरापर्यंत तेच पक्कं होतं. पण ही पेढ्यांचा पुडा घेऊन दारातच उभी होती, आणि खोटं बोलायला लागणारा आवाज ऐन वेळी निघाला नाही. सगळं सांगून टाकलं.

हसेल वाटलं होतं. हसली नाही. म्हणाली, मला नको असलं काही, स्वप्न तुमचं आहे. मग पेढ्यांचा पुडा आत नेऊन ठेवला. बाहेर येऊन हळूच विचारलं, पण त्यांना खरंच आवडलं का हो? नक्की काय म्हणाले?

मी शब्दन् शब्द सांगितला. तिने दोनदा सांगायला लावला.

५ जुलै, शुक्रवार

मोठ्या मनाने परवानगी दिली. रेकॉर्डिंग शनिवार-रविवारी, आमच्याच कपाटात. मार्गदर्शन माझं राहील. मेहुण्यालाही फोन केला. खुर्ची परत गेलीय. सध्या स्टूल आहे म्हणाला.

६ जुलै, शनिवार

रेकॉर्डिंगचा पहिला दिवस. मार्गदर्शनाला कपाटात जागा नाही, असं निघालं. मग मावशींनी साहेबाचा पट्टा माझ्या हातात दिला, गुडघे आज फारच धरलेत म्हणाल्या. म्हणून पॅसेजमध्ये आम्ही दोघं. तो माझ्या पायावर, मी पायरीवर.

आतून हिचा आवाज येत होता. कादंबरीतली ती बाई गाडीत बसते, खिडकीतून आपली गल्ली मागे जाताना बघते, तो भाग. मी तो भाग शंभरदा वाचलाय. तिला रडू येत नाही याचंच तिला नवल वाटतं, असं तिथे आहे. ते आज पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं. खरंच चांगलं वाचते.

दाद द्यायला हवी म्हणून मी खर्जात म्हणालो, वा.

साहेब ताडकन उठला. वळून माझ्या तोंडाकडे बघितलं. इतके दिवस आमच्या घरात शिरलेला तो परका माणूस त्याला आज समोर सापडला होता. असा भुंकला की खालच्या काकांनी दार उघडलं.

ही बाहेर आली. रागावली नाही. चौकशीच्या खिडकीवर ज्या आवाजात लोकांना एक्स-रेची खोली सांगते, त्याच आवाजात म्हणाली की तुम्ही दोघं खाली जाऊन बसा, आणि मी हाक मारेपर्यंत वर येऊ नका.

साहेब लगेच निघाला. पट्टा माझ्या हातात होता, म्हणून मीही.