थकव्याचा रकाना

सोमवार, ३ मार्च. सकाळी ६.१०

नवी वही. हिच्यात फक्त खरं लिहायचं. ऑफिसात दिवसभर उत्तरं लिहितो : आमदार प्रश्न विचारतात, मंत्री उत्तर वाचतात, मधलं सगळं मी. तिथेही सतरा वर्षांत खोटं कधी लिहिलं नाही. फार तर ‘अंशतः खरे आहे’.

संकल्प : रोज सकाळी बाबांचं अर्धं काम मी करायचं. तीन वर्षं ताई एकटी करते आहे, नोकरी सोडून.

६.४०. बाबांना दात घासायला बसवलं. ताईनं माझ्या हातातला ब्रश काढून घेतला. तो कंगवे साफ करायचा होता. उद्यापासून नीट.

मंगळवार, ४ मार्च

नवा प्रश्न आला. विरोधी बाकांवरच्या आमदार बाईंचा. पूर्वी शिक्षिका होत्या, अजूनही प्रश्न पेपर काढल्यासारखे काढतात. पोलीस ठाण्यांत किती पदं रिक्त आहेत? घरी आजारी माणसाची काळजी घेणाऱ्यांची विचारपूस करायला ठाण्यातून दर आठवड्याला एक पोलीस जातो, हे खरे आहे काय? असल्यास, ठाण्यात माणसंच नसताना जातो कोण?

शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. का, ते उद्या लिहीन. आज दमलो आहे.

बुधवार, ५ मार्च

लिहायचं म्हणजे लिहायचं. डिसेंबरात आमच्या ठाण्यातला हवालदार रजिस्टर घेऊन घरी आला होता. घामाघूम. ठाण्यात नऊ पदं, माणसं तीन. एक बंदोबस्ताला, एक कोर्टात, उरला हा. म्हणाला, साहेब, वर्षभर तुमच्याकडे यायचं होतं, एकदाही जमलं नाही, उद्या तपासणी आहे, तेवढ्या सह्या द्या ना. मला दया आली. त्याला चहा दिला आणि बसल्या बैठकीला बावन्न सह्या केल्या. मध्ये दोनदा पेन बदललं, खरं वाटावं म्हणून. (ही सूचना माझी.)

ताई तेव्हा आत बाबांना भरवत होती. तिला सांगितलं नाही. कामात व्यत्यय नको.

एका माणसाची नोकरी वाचली. यात वाईट काय झालं?

शुक्रवार, ७ मार्च

वाईट काय झालं ते कळलं.

पोलीस भेटींच्या त्या योजनेत एक सोय आहे. काळजी घेणारं माणूस फार थकलं असेल, तर सरकार आठ दिवस बदली परिचारिका पाठवतं. ताईनं जानेवारीत अर्ज केला होता. आठ दिवस मैत्रिणीकडे जाऊन ती नुसती झोपणार होती. दुसरा काही कार्यक्रम नाही. आज उत्तर आलं : नामंजूर. कारण, ‘काळजी घेणारी व्यक्ती थकलेली आहे काय’ या रकान्यात वर्षभर ‘नाही’ अशी नोंद आहे.

तो रकाना हवालदारानं भरला असणार, असं जेवण होईपर्यंत मला वाटत होतं. मग आठवलं. त्याला घाई होती, मीच म्हटलं होतं, द्या इकडे, माझं अक्षर सुवाच्य आहे.

ताईनं तो कागद माझ्याच हातात दिला. म्हणाली, तू सरकारात आहेस ना, बघ जरा, तुला काही उलगडतंय का. मी चष्मा पुसून बराच वेळ बघितलं. बघतो, म्हटलं.

संकल्प : रविवारी तिला सगळं सांगायचं.

रविवार, ९ मार्च

ताईचं डोकं दुखत होतं. अशा माणसाला हे ऐकवणं म्हणजे क्रूरपणा.

सोमवार, १० मार्च

घरी नाही तर निदान ऑफिसात खरं बोलावं म्हणून उपसचिव बाईंकडे गेलो. म्हटलं, मॅडम, एका घरच्या नोंदी खोट्या असण्याची शक्यता आहे. त्यांनी विचारलं, कुणाच्या घरच्या? म्हटलं, ऐकीव माहिती आहे. त्या म्हणाल्या, मग नाव काढा, त्या हवालदाराला आजच निलंबित करायला लावते.

म्हणजे तिनाचे दोन. पोलीस कमी आहेत हा प्रश्न, आणि उत्तर लिहिता लिहिता मीच आणखी एक कमी करायचा? ते पाप कुणाच्या माथी? म्हटलं, तपासून सांगतो.

गप्प बसणं माझ्याही सोयीचं आहे, हे मला दिसतं. पण सोयीची गोष्ट दर वेळी चुकीचीच असते असं थोडंच आहे?

गुरुवार, १३ मार्च

मार्ग सापडला! परिचारिका नाही तर नाही, मीच आठ दिवस रजा घेतो. बाबांच्या देखभालीचा तीन रंगांत चार्ट केला. ऑफिसातच केला, फक्त लंच टाइममध्ये (आणि थोडा नंतर). ताईला दाखवला. तिनं विचारलं, रात्री ते चारदा उठतात, ते कुठल्या रंगात आहे? आणि पथ्याचं? आणि पाठ चोळायचं? म्हटलं, हा मसुदा आहे. ती म्हणाली, छान काढलायस रे, भिंतीला लाव.

रजेचा अर्ज लिहून खिशात ठेवला. अधिवेशन चालू असताना देणं बरं दिसत नाही.

सोमवार, १७ मार्च

कोपऱ्यावर हवालदार दिसला. त्याला टाळायला मी रस्ता ओलांडला. मला टाळायला त्यानंही ओलांडला. मधोमध भेट झाली. म्हणाला, साहेब, अंगाशी नाही ना येणार? लेकीचं कॉलेज चालू आहे हो. म्हटलं, छे, मी आहे ना. मग त्यानं विचारलं, बाबा कसे आहेत, ताई बऱ्या आहेत ना? वर्षभरातली पहिली विचारपूस. रस्त्याच्या मधोमध, दोन्हीकडून हॉर्न वाजत असताना.

गुरुवार, २० मार्च

सभागृहात प्रश्न लागला. मी अधिकाऱ्यांच्या सज्जात. मंत्र्यांनी माझं उत्तर वाचलं : काही पदं रिक्त असली तरी भेटी शंभर टक्के झाल्या, आणि थकव्याची नोंद अत्यल्प. यावर आमदार बाई उठल्या. म्हणाल्या, आजारी माणसाजवळ वर्षभर बसून जे थकलं नाही, असं एक माणूस मला दाखवा, मी जाऊन त्याच्या पाया पडते. सभागृह हसलं. मंत्रीही हसले, म्हणाले, माहिती घेऊन कळवू. ते माणूस मी घरी ठेवून आलो होतो. उपसचिव बाई बाहेर आल्यावर म्हणाल्या, उत्तर भक्कम होतं, शाबास.

रविवारी सांगायचंच. ताईचं डोकं दुखो, न दुखो.

रविवार, २३ मार्च. दुपारी २.३०

सांगितलं.

बाबांना झोपवून ताई खुर्चीत टेकली होती. मनात चार मुद्दे काढून ठेवले होते, पण सगळे एकदम बाहेर पडले. सह्या, पेनं, रकाना. ताई शांतपणे म्हणाली, माहीत आहे मला. रजिस्टरची कॉपी मागवली होती, येऊन बारा दिवस झाले. तुझं अक्षर मी ओळखणार नाही? तुझे गृहपाठ कोण तपासायचं? म्हटलं बघू या, आपण होऊन कधी सांगतोस.

मी विचारलं, रागावलीस? ती म्हणाली, रागावायला अंगात त्राण लागतं रे. मग म्हणाली, बावन्न वेळा ‘नाही’ लिहिलंस, एकदा आत येऊन विचारायचं तरी होतंस.

अगदी खरं. मला खूप हलकं वाटलं. इतके दिवस उगीच घाबरलो. आता सगळं सुरळीत होणार. तिथल्या तिथे विचारलं, ताई, थकली आहेस का गं?

उत्तर आलं नाही. पाहिलं तर बसल्या बसल्या तिचा डोळा लागला होता.

तिची झोप मोडू नये म्हणून आवाज न करता वही काढली. मनातलं ताजं असताना उतरवून ठेवावं. एवढ्यात आतून बाबांनी हाक मारली, कोणी आहे का? माझं वाक्य अर्ध्यात होतं. दुसऱ्या हाकेला ताई दचकून उठली आणि आत गेली.

मी उठणारच होतो.