मायच्या हातचं ताक

सुलतानपूर,
१४ नोव्हेंबर २०२४

चि. गोपाळ,

अनेक आशीर्वाद. तू फोन उचलत नाहीस, म्हणून जालन्याच्या पत्त्यावर पत्र टाकतेय. आधी वाच, मग फाडायचं तर फाड.

इकडे ठीक म्हणायचं. तुरी फुलावर आल्यात. आपली म्हैस सध्या शेजारी पुंजाजीकाकांच्या गोठ्यात बांधलीय. का, ते पुढे लिहिते.

सोमवारी देऊळगाव राजाला माझ्या नव्या तुकडीचा पहिला वर्ग होता. सगळी धंदा काढू पाहणारी पोरं-पोरी. नेहमीसारखं मी म्हटलं, "कितीही नफा दिसला तरी काय विकणार नाही, ते आधी ठरवा." आणि नेहमीसारखं तुझंच उदाहरण दिलं. डेअरी काढायच्या आधी तूही याच वर्गात मागच्या बाकावर बसला होतास. उठून म्हणालास, "ताई, माह्या मायचं ताक. थे मी इकणार नाही." सगळे हसले होते, मला मात्र भरून आलं होतं. रोज सकाळी आपल्या दारात बाया भांडी घेऊन यायच्या. कुणी भांड्यात चार मिरच्या घालून आणायची, कुणी अंबाडीची भाजी. माय कुणाला नाही म्हणायची नाही.

वर्गात ओवी नावाची पोरगी आहे, तिला तेलाचा घाणा टाकायचाय. तिने हात वर केला. "मॅडम, मंग त्या भावाचं पुढं काय झालं?"

मी पाणी पिऊन येते म्हणून बाहेर आले, ती परत वर्गात गेलेच नाही.

काय सांगू रे तिला? फुकट ताक मिळतंय तोवर आपल्या ताकाच्या पिशव्या कोण घेईल, असं डेअरीतला तुझा भागीदार म्हणाला आणि तू मान डोलावलीस? फाटकात उभं राहून बायांना म्हणालास, "आता ताक स्टँडवर भेटते, मायले तरास देऊ नका"? अरे, मी काही धंद्याच्या विरोधात नाही, माझं पोटच त्यावर चालतं. विकायचं होतं तर मायला सांगून विकायचं होतंस. तिने बोंब मारली असती, दोन दिवस अबोला धरला असता आणि मग गपचूप तुला भाकर वाढली असती. तू तिला सांगितलंच नाहीस!

ती आपली ताक घुसळत राहिली. दारात बसून वाट बघायची, ऊन चढलं की ताक म्हशीच्या आंबोणात ओतायची. बाया रस्ता बदलून जायच्या. एकदा मला म्हणाली, "शैला, माह्यं काय चुकलं वं? कोनी काऊन येत नाही?" मी म्हटलं, आता घरोघरी फ्रीज आलेत. तुझं नाव घ्यायची हिंमत झाली नाही.

आता खरं लिहिते. दिवाळी झाली आणि माय घुसळता घुसळताच पडली. उजवी बाजू गेली. बोलणं अर्धंमुर्धं कळतं. डॉक्टर म्हणाले, घरी न्या. त्याचा अर्थ तुला कळतो. सोमवारचा तो वर्ग सोडला तर मी इथेच, तिच्याजवळ आहे; म्हशीचं बघायला कोणी नाही, म्हणून ती काकांकडे.

काल पुंजाजीकाकांकडच्या काकू आपल्याच म्हशीचं दूध घेऊन आल्या. मायने त्यांच्या हातातलं पातेलं पाहिलं आणि तिला वाटलं, ताकाला आल्या. डाव्या हाताने रवीकडे दाखवत राहिली, उठायला धडपडली. घरात ताकाचा थेंब नव्हता. काकू पदर तोंडाला लावून रडायला लागल्या, मीही रडले. माय आमच्याकडे बघून पुन्हा तेच विचारत होती, "माह्यं काय चुकलं?"

गोपाळ, याचं उत्तर मी देणार नाही. ते तू द्यायचं. तिच्याजवळ बस आणि सांग, गाव रुसलं नव्हतं माय, मी अडवलं होतं. ती माफ करेल की नाही, मला ठाऊक नाही. पण गावाने आपल्याला टाकलं असं समजून तिने जाऊ नये. मला ते सहन होणार नाही रे.

फळं-बिळं काही आणू नकोस. काल रात्रीपासून मी विरजण लावायला लागलेय, आता रोज सकाळी घुसळून ठेवीन. तू समोरच्या दाराने ये. भांडं घेऊन ये, आणि तिच्याकडे ताक माग.

मायच्या उशाशी बसलेली,
तुझी ताई
शैलजा