टारफुल्याला मारायचं कसं

१२ ऑगस्ट, सांगली

पुण्याहून मुग्धाचा फोन. मी टारफुल्याच्या चित्रकथा काढतो त्या मुलांच्या मासिकाची संपादक. माझ्याहून बरीच लहान, पण बोलते अशी की जणू मीच तिच्या वर्गात बसलोय. "सर, दिवाळी अंकात टारफुला संपवा. नीट मारा. परत येणार नाही असा."

म्हटलं, का गं बाई, त्यानं तुझं काय घोडं मारलंय? तर म्हणे पालकांच्या तक्रारी येतात. इस्लामपूरच्या एका बाईंचं पोर मोजे घातल्याशिवाय झोपत नाही. टारफुला तळपायातून शिरतो ना!

हसलो. मनातून सुखावलोही. खलनायकाला आणखी काय हवं. होय म्हणून टाकलं. आता मारायचं कसं, ते सुचत नाही.

१३ ऑगस्ट

शाळेत फळ्यावर स्वातंत्र्यदिनाचा देखावा काढत होतो आणि डोक्यात तोच.

खरा टारफुला आमच्या विट्याच्या रानात असायचा. ज्वारीच्या बुडाला नाजूक पांढरी फुलं. वरून गरीब, खालून ज्वारीच्या मुळाला चिकटून सगळं पिणारा. फुलं दिसेपर्यंत कणीस गेलेलं असतं. माझा टारफुला माणसाच्या तळपायातून शिरतो आणि त्याचं कसब पितो. पैलवानाचे डाव, गवयाचा गळा, हलवायाच्या हाताची चव. ज्याच्यात शिरतो त्याला आधी उलट बरं वाटतं. अंग हलकं होतं, काय झोप लागली म्हणतो. मग हळूहळू चिपाड. आणि प्यायलेलं कसब टारफुल्यापाशीही टिकत नाही. माणूस वाळला की तेही वाळतं. म्हणून त्याला पुढचा माणूस लागतो, मग त्याच्या पुढचा. तो दुष्ट नाही, उपाशी आहे. हे मुग्धाला सांगितलं तर म्हणेल, सर, आपले वाचक पाचवीत आहेत.

१६ ऑगस्ट

आज दादाचं डाया, म्हणजे डायलिसिस. आठवड्यातून दोनदा वहिनी त्याला विट्याहून सांगलीला आणते, मशीनवरून उठवून आमच्याकडे टेकवते. थोडा भात खातो आणि माझ्या टेबलाशी येऊन बसतो. तमिळनाडूत उभा जन्म गलाईचं दुकान चालवलं, भट्टीवर सोनं शुद्ध करायचं काम. दंड असे की शर्टाची बाही उसवायची. आता आमचा एक जिना चढताना मध्ये थांबतो आणि भिंतीवरचं कॅलेंडर वाचल्यासारखं करतो. माझं चित्रकलेचं शिक्षण त्या भट्टीवर झालं. त्यानं कधी बोलून दाखवलं नाही.

टारफुल्याचा सगळ्यात मोठा भक्त हाच. दुकानातल्या तमिळ पोरांना चित्रं दाखवून गोष्टी सांगायचा. आज म्हणाला, "त्यो तुज्या गोष्टीतला इन्स्पेक्टर दीपक काय कामाचा न्हाई रं. निस्ता केस इंचारतोय. टारफुला लय भारी. त्याला मारू नगंस."

"संपादकबाई मार म्हणते."

"तिला म्हणावं, इट्याला ये. मी बोलतो तिच्यासंगं."

वहिनी हसली. बऱ्याच दिवसांनी.

२३ ऑगस्ट

माझ्या तपासण्यांचे रिपोर्ट आले. जुळतंय! रक्तगट, बाकीचं सगळं. वहिनीला शुगर, ती आधीच बाद झालेली. राहिलो मी. डॉक्टर म्हणाले, तुम्ही देऊ शकता, एका किडनीवर माणूस चांगलं जगतो. रिक्षात डोळ्यांत पाणी आलं. रिक्षावाल्यानं विचारलं, कुणी गेलं का साहेब? म्हटलं, नाही हो, कुणी जाणार नाही आता.

अर्चना भाजी चिरत होती. ऐकलं आणि चिरतच राहिली. मग म्हणाली, "आणि उद्या तुम्हाला काही झालं, तर दादांकडनं परत मागून आणायची का?"

तिचं चुकत नाही. बायको आहे.

२६ ऑगस्ट

दादाला सांगितलं. वाटलं होतं, निदान पाठीवर हात ठेवेल.

"न्हाई."

बस्स. चप्पल शोधायला लागला.

१ सप्टेंबर, विटा

गौरीजेवण. पुरणपोळी सगळ्यांच्या पानात, दादाच्या पानात मोजकं. पाणीसुद्धा वाटीनं. वहिनीनं पुन्हा विषय काढला आणि भडकाच उडाला.

दादा मला म्हणाला, "कुंडलच्या त्या पैलवानाचं काय केलंस तू? गोष्टीतल्या. आधी मांडी गेली, मग मान गेली. शेवटच्या चित्रात आईनं त्याला कडंवर घेतलाय. ते पान बगून मला दोन दिस जेवान ग्वाड लागलं न्हाई."

म्हटलं, अरे, ती गोष्ट आहे. चित्र आहे नुसतं.

"तूच काडलंयस. म्हंजी तुला ठावं हाय. दुसऱ्याच्या अंगातलं घिऊन जगनाऱ्याचं काय हुतं आन् देनाऱ्याचं काय हुतं. मी तुज्यात शिरायचो न्हाई, सुन्या. मी टारफुला न्हाई."

कपाळाला हात मारला. डॉक्टरनं दोनदा समजावलं, तक्ते दाखवले, ते सगळं एका कानातून गेलं. आणि ह्या गड्यानं खरं मानलं काय, तर पाचवीच्या पोरांसाठी काढलेलं माझं चित्र! बरं काढायला नको होतं ते. जरा वाईट काढलं असतं तर चाललं असतं.

वहिनी आत गेली. गौरीपुढे उभी राहून रडत होती, आवाज न करता. मला दादाचा राग आला, खूप. माझी किडनी, माझी मर्जी, आणि हा कोण नको म्हणणारा.

२ सप्टेंबर

परतीच्या एसटीत राग उतरला. हा माणूस आयुष्यभर देत आला. घ्यायचं कसं हे त्याला कुणी शिकवलंच नाही. कुणी चहा पाजला तरी त्याला दोन वेळा परत पाजल्याशिवाय चैन पडत नाही.

मी मात्र घेण्यात तरबेज. मला कधी जड गेलं नाही. का गेलं नाही? घेताना मी टारफुला आहे असं एकदाही मनात आलं नाही. दादानं तसं वाटूच दिलं नाही, म्हणून असेल.

९ सप्टेंबर

मुग्धाचे दोन फोन, उचलले नाहीत. टारफुल्याला मारायचे प्रयत्न चालू. जाळून पाहिला. दीपकच्या बुटाच्या तळव्याला पत्रा ठोकून पाहिला. बाटलीत बंद केला. सगळं भिकार. तो बाहेर असेल तर त्याला मारण्यात अर्थ नाही, बाहेर तो काहीच नसतो, नुसता धागा. आणि आत असेल तर आधी माणूस मरतो.

आज पहिल्यांदा एक लक्षात आलं. त्याची सगळी ताकद चोरून शिरण्यात आहे. समोरच्याला पत्ता नसतो, म्हणून तर त्याचं फावतं. पत्ता असेल तर? कुणी आपण होऊन पाय पुढे केला तर?

१३ सप्टेंबर

अर्चना आपणहून बोलली. कपडे वाळत घालताना. "मी नको म्हणत नाही. मला भीती वाटते, एवढंच. भीती वाटते म्हणायची तरी मुभा आहे का या घरात?"

म्हटलं, मलाही वाटते.

"मग तसं सांगा की! तीन आठवडे नुसते हुतात्म्यासारखे फिरताय."

दोघं हसलो. बादली राहिली तशीच. ती म्हणाली संमतीवर सही करेन, पण ऑपरेशनच्या दिवशी तुमच्या दारात मी, दादांच्या दारात वहिनी, इकडची तिकडं कुणी व्हायचं नाही. कबूल.

१८ सप्टेंबर

शेवट लिहून झाला, चित्रंही झाली. कोयनानगरच्या घाटात एक म्हातारी शिंपीण. टारफुला भुकेनं अर्धमेला होऊन तिच्या दारात. ती त्याला ओळखते. पाय पुढे करून म्हणते, ये बाबा. तो शिरतो, तिची शिलाई पितो, आणि पिऊनही ती वाळत नाही. मशीन चालूच. चोरलेलं वाळतं, दिलेलं वाळत नाही, असा नियम बसवला. त्याची भूक आयुष्यात पहिल्यांदा भागते. तो बाहेर येतो, तिच्या शेजारी बसून बटणं लावायला लागतो. टारफुला म्हणून तो संपला.

माझं मलाच आवडलं. मुग्धाला पाठवलं. "सर, रडले मी. छापतोय."

२० सप्टेंबर

शाळेतून आलो तर दादा डायानंतर टेबलाशी. पानं समोर. मी वाट पाहत उभा, पहिल्या नंबरचा निकाल लागणार असल्यासारखा.

"पोरांना पटंल," म्हणाला.

"आणि तुला?"

"लय ग्वाड केलंस. म्हातारीला कायच झालं न्हाई? काडून घेतलं की कमी हुतंयच की रं. तिला कमी पडलं आन् तरीबी तिनं दिलं, आसं काड. न्हाईतर दिलं काय तिनं?"

त्याचं म्हणणं सोळा आणे खरं. मी त्याला पटवायचं म्हणून फुकटचं दान रंगवलं होतं.

मुग्धाला फोन. शेवटची दोन पानं बदलतोय. ती कावली. अंक छपाईला चाललाय म्हणे. म्हटलं, थांबव.

२२ सप्टेंबर

नवी पानं. शिंपिणीची बोटं आता थरथरतात. पूर्वी झरझर व्हायचं ते काम हळू होतं. टाके तिरपे पडतात. टारफुला ते पाहतो. ती म्हणते, बघत काय बसलास, दोरा ओव. तो ओवून देतो. चेहरा काढायला वेळ लागला त्याचा. ज्याला मिळालंय आणि ज्याला कळलंय की कुणाचं कमी झालं, तो कसा दिसतो? कधी काढलाच नव्हता मी.

शेवटी दादाचे डोळे काढले. मशीनवरून उठल्यावर असतात तसे.

२७ सप्टेंबर

पानं दादाकडे वहिनीबरोबर पाठवली होती. तिचा फोन. वाचली म्हणाली, देव्हाऱ्याशेजारी ठेवलीत. आणि किडनी द्यायला-घ्यायला परवानगी देणाऱ्या हॉस्पिटलच्या समितीपुढे यायला तयार झालेत. "पन व्हय म्हननार असं न्हाई म्हनत्यात. निस्तं येतो म्हनत्यात."

नुसतं तर नुसतं.

डॉक्टर वहिनीला म्हणाले, फार थांबू नका. हे तिनं शेवटी सांगितलं, हळू आवाजात.

८ ऑक्टोबर, सांगली

समिती. आधी मी. कॅमेरा लावलेला. कुणाचा दबाव आहे का, पैसे घेतले का, परिणाम माहीत आहेत का. सगळी उत्तरं दिली. का देताय, असं एका बाईंनी विचारलं. भाऊ आहे, म्हटलं. त्यांनी लिहून घेतलं. अर्चनाला बोलावलं, तिनं तिथं ठणकावून सांगितलं, भीती वाटते आणि संमती आहे, दोन्ही लिहा.

मग दादा एकटा आत. बराच वेळ. वहिनी पदराचं टोक पिळत बसलेली. मी उठून पाणी पिऊन आलो, परत गेलो, परत आलो.

बाहेर आला. चेहऱ्यावरून काही कळेना. वहिनीनं विचारलं, काय म्हनाला तुमी? तर म्हणे, चला, पार्किंगवाला वरडतोय.

स्टँडकडे निघालेल्या भाड्याच्या गाडीत मी मागे त्याच्या शेजारी. विश्रामबागचा सिग्नल लागला तेव्हा तोंड उघडलं. खिडकीतून बाहेर बघतच.

"तुला किती दुखंल, त्ये इचारलं मी त्यास्नी."

"मग?"

"सांगितलं त्यांनी समदं. खरं खरं. टाकं कुटं पडत्यात, किती दिस उठाय येनार न्हाई."

"आणि तू काय म्हणालास?"

सिग्नल सुटला. दादानं माझा हात हातात घेतला, लहानपणी रस्ता ओलांडताना घ्यायचा तसा घट्ट, मनगटाच्या वर.

"उंद्या सांगतो म्हटलंय," म्हणाला. हात विट्याच्या एसटीत चढेपर्यंत सोडला नाही.