बाबा नवीन आहेत तिथे

तोरिनो, ६ ऑक्टोबर १९६८

ती. देत्ताताईस,
गास्पारेचा सा. न. वि. वि.

इकडे आम्ही तिघं खुशाल आहोत. म्हणजे ओर्नेल्लाला सर्दी, निन्फाला खोकला आणि मला दोघींची बोलणी. थंडी पडली की माझी बायको माझ्याकडे अशी बघते, की जणू आल्प्स मीच उभा केला.

पत्र लिहायचं कारण असं, की कारखान्याला या वेळी सलग चार दिवस सुट्टी आहे. मृतांच्या सणाला आम्ही घरी येतो आहोत. निन्फा सहा वर्षांची झाली, पण आपला सण तिने अजून पाहिलेला नाही. मी तिला सगळं सांगितलं. आदल्या रात्री घरातले मेलेले कसे येतात, लेकरांसाठी वस्तू कशा लपवून जातात, आणि वाईट वागलेल्या मुलांचे तळपाय किसतात म्हणून किसणी कशी दडवून ठेवायची असते, तेही सांगितलं. किसणीचं ऐकून ओर्नेल्ला खोलीबाहेर निघून गेली. निन्फाने मात्र एकच विचारलं, की मग आजोबा मला काय आणणार?

बाबा मार्चमध्ये गेले. पोरीला आजोबा म्हणजे दोन उन्हाळे आणि एक फोटो. मी सांगून बसलो, की आणतील, छानच काहीतरी आणतील. तेव्हा ताई, आईला सांग, या वर्षी बाबांच्या नावाने एक वस्तू नक्की लपव.

तुला आठवतं, मला पत्र्याची घोडागाडी मिळाली होती ते वर्ष? सकाळी सांगितलं गेलं की आईच्या माहेरच्या, कधीच वारलेल्या पिद्दामावशीने आणली. पण मी त्या रात्री जागा होतो. बाबा मेणबत्ती घेऊन आले, दबकत टोपलीपाशी वाकले, एकदा खोकले आणि गेले. मी डोळे घट्ट मिटून घेतले. बाबांनी जन्मात मला कधी जवळ घेतलं नाही, पण त्या एका रात्रीच्या भांडवलावर मी आजवर भागवलं. तेवढं माझ्या पोरीलाही मिळावं, बस.

आईला नमस्कार. तुझ्या शिलाई मशीनलाही नमस्कार, कारण माझ्यापेक्षा तुला त्याचीच सोबत जास्त. लोभ आहे तो आटू देऊ नकोस.

तुझा
गास्पारे

—

मोदिका, १३ ऑक्टोबर १९६८

चि. गास्पारेस,
देत्ताचे अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र आलं. नेहमीप्रमाणे मी आईला ते मोठ्याने वाचून दाखवायला घेतलं आणि नेहमीप्रमाणे पुढे काय आहे ते आधी बघितलं नाही. बाबांच्या नावाने वस्तू लपव, इथवर पोचले आणि आईने सोलत असलेला बटाटा खाली ठेवला.

मग जे सुरू झालं ते दुपारच्या घंटेपर्यंत. आई म्हणाली, की हयात असताना या माणसाने सणासाठी काडी इकडची तिकडे केली नाही. बदामाच्या मिठाईची फळं आणायची तिने, टोपल्या भरायच्या तिने, पहाटे अनवाणी फिरून लपवायच्या तिने. हा आपल्या न्हाव्याच्या दुकानात, दाढी करायच्या खुर्चीत बसून गिऱ्हाइकांना सांगणार, की आमच्याकडे सण फार थाटात होतो. सगळी मेहनत हिची आणि मिशीला पीळ त्याचा. आता मातीत गेल्यावरसुद्धा श्रेय त्यालाच द्यायचं का? तिच्या हातून ते होणार नाही. यायचं तर पिद्दामावशी येईल. बाल्दास्सारेला, म्हणजे बाबांना, या घरात या वर्षी प्रवेश नाही.

तुला ठाऊक नसेल, पण सगळ्या वस्तू आईच्या माहेरच्याच मृतांकडून का यायच्या, याबद्दल बाबा एकदा कुरकुरले होते. आमच्याकडचे मेलेले इतके चिक्कू आहेत का, असं म्हणाले. आई म्हणाली, की तुमच्याकडचे जिवंत असतानाही रिकाम्या हातानेच यायचे.

आणि आता तुझ्या मेणबत्तीचं. बाळा, तू वयाने अडतीस झालास, तेव्हा सांगायला हरकत नाही. दर वर्षी आपल्या टोपलीतल्या साखरेच्या शिलेदाराला डोकं का नसायचं, आठवतं? मृतांची वाट खडतर असते, वाटेत मोडतं, असं आपल्याला सांगायचे. मोडत वगैरे काही नव्हतं. बाबा रात्री उठून ते खायचे. खोकले ते ठसका लागला म्हणून.

रागावू नकोस. मी हे बारा वर्षांची असताना पाहिलं आणि आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही. आता आठवलं की हसू येतं. मोठं झालं की हाच एक फायदा.

निन्फाला पापे, ओर्नेल्लाला आशीर्वाद. लोकरी मोजे आणा, घर गार आहे. माया आहेच, ती तुम्हीही इकडे ठेवावी.

तुझी
देत्ताताई

—

तोरिनो, १८ ऑक्टोबर १९६८

ती. वन्सं यांस,
ओर्नेल्लाचा शि. सा. नमस्कार.

हे पत्र मी यांना न सांगता लिहिते आहे. तुमचं पत्र वाचल्यापासून हे दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवले, पण पानाकडे न बघता.

खरं सांगू, मला तुमचा हा सण अजून पचलेला नाही. इकडे उत्तरेत आमच्याकडे मेलेली माणसं आपापल्या जागी राहतात. पण यांचा चेहरा बघवत नाही. तेव्हा मी गुपचूप एक बाहुली घेतली आहे, डोळे मिटणारी. मामंजींच्या नावाची चिठ्ठी मी तिला लावीन आणि घरात कुठेतरी ठेवीन. सासूबाईंना आणि यांना कळू देऊ नका. चांगली जागा मात्र सुचवा, मला तुमच्याकडचे कोपरे माहीत नाहीत.

किसणीचं ते खोटं आहे ना?

आपली कृपा असावी, आणि जमल्यास माझ्या स्वयंपाकावरही असावी.

सौ. ओर्नेल्ला

—

तोरिनो, २१ ऑक्टोबर १९६८

ती. देत्ताताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र आईला वाचून दाखवू नकोस. विचारलं तर सांग, की हवामानाबद्दल आहे.

डोक्याचं कळलं. चांगलंच कळलं. तीस वर्षं ज्या बापाला मी मनात जपलं तो साखर चोरत होता. आधी राग आला, मग कामावर यंत्रापाशी उभा असताना एकदम हसू फुटलं आणि मुकादमाने मला पाणी प्यायला पाठवलं. पण ताई, हसूनही आत काहीतरी टोचतंच. बाबांकडून मला काहीच मिळालं नाही, हे मला ठाऊक नव्हतं तेच बरं होतं.

म्हणूनच निन्फाला मिळायला हवं. मी एक छोटा अॅकॉर्डियन, म्हणजे भात्याचा बाजा, घेतला आहे, लाल-पांढरा. बाबांच्या नावाने मीच लपवणार. आईला सांगू नकोस. ओर्नेल्लालाही नको, ती म्हणेल की पोरीला आवाजाची वस्तू कोण देतं.

लहानपणी वाटायचं, मोठं झालं की कळेल मेलेले येतात कुठून. आता कळलं. ते तोरिनोहून येतात, दुसऱ्या वर्गाच्या डब्यातून, मांडीवर खोकं घेऊन, रात्रभर उभ्या माणसांचे कोपरे खात.

भेटीत बोलूच. तोवर प्रेम असावं आणि तोंड मिटलेलं असावं.

तुझा
गास्पारे

—

तोरिनो, ७ नोव्हेंबर १९६८

ती. देत्ताताईस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. निन्फाने मेस्सिनाच्या बोटीपासून रोमपर्यंत अॅकॉर्डियन वाजवला. रोमला एका पाद्रीबाबांनी उठून डबा बदलला.

ओर्नेल्ला इथे त्या सकाळची गोष्ट सगळ्या जिन्याला सांगत सुटली आहे. तिच्या तोंडून ऐकताना माझीच हसून पुरेवाट होते. पिद्दामावशीची टोपली पहिल्यांदा सापडली आणि आई समाधानाने हात बांधून उभी राहिली, इथवर सगळं ठीक. मग पिठाच्या डब्यामागून बाहुली निघाली, चिठ्ठी आजोबांची. आईने माझ्याकडे बघितलं. मी ओर्नेल्लाकडे. मग कपाटामागून तू शिवलेला कोट निघाला, त्यावरही चिठ्ठी आजोबांची! ताई, तुला आमची दोघांची गुपितं ठाऊक होती, तरी तू तिसरं घालून मोकळी झालीस, हे काय कमी होतं? शेवटी आई कपाळाला हात लावून मटकन पलंगावर बसली आणि गादीखाली मी लपवलेल्या अॅकॉर्डियनचा थेट बाबांसारखाच एक लांब सुस्कारा ऐकू आला. आईने छातीवर क्रूसाची खूण केली ते मी पाहिलं. नाही म्हणू दे तिला.

आई तेव्हा काय म्हणाली ते ओर्नेल्ला तिच्या नकलेसकट सांगते, की हयातभरात या माणसाने घरी एकच वस्तू आणली, स्वतःला, आणि तीसुद्धा उशिरा.

पण पत्राचं खरं कारण वेगळं, म्हणून लिहितो. सगळे हसत असताना निन्फाने विचारलं ना, की आजोबांनी आजीला काहीच कसं आणलं नाही? तू छताकडे बघत होतीस, मी बुटांकडे. आईने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, की नवीन आहेत ते तिथे, शिकतील हळूहळू. पोरीचं समाधान झालं. पण आई स्वयंपाकघरात गेली ती जेवणापर्यंत बाहेर आली नाही. आम्ही दफनभूमीत गेलो तेव्हा चुलीवर रस्सा आहे म्हणून मागे राहिली. निरोप घेतानाही माझ्याशी हवामानाबद्दलच बोलली.

ताई, मी चूक तर नाही ना केली? मला माझा बाप निर्मळ करून हवा होता, त्यापायी मी तिच्या चाळीस वर्षांच्या कष्टांवर पाणी ओतलं, असं रोज वाटतं. ती रागावली असेल तर स्पष्ट लिही. मी नाताळात येऊन पाया पडेन. ती काय बोलते, खाते-पिते ना, सगळं कळव.

तुझ्या उत्तराची वाट पाहणारा, आणि बोलणी खायलाही तयार असलेला,
गास्पारे

—

मोदिका, ११ नोव्हेंबर १९६८

चि. गास्पारेस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

आई खाते-पिते. काल तर माझ्या पानातलंही खाल्लं. काळजी सोड आणि पुढचं नीट वाच.

तुम्ही गेल्यावर चार दिवस तिने घासलेलीच भांडी पुन्हा घासली. बाबांच्या फोटोसमोरून जाताना मान दुसरीकडे फिरवायची. काल रविवारी प्रार्थनेहून आलो आणि ती काळी शाल न काढताच म्हणाली, की चल, त्याच्याकडे जाऊन येऊ.

दफनभूमीत तिने मला पाण्याची झारी देऊन सुरूच्या झाडापाशी उभं केलं, हे नवरा-बायकोचं बोलणं आहे म्हणून. मग दगडावरचा बाबांचा फोटो शालीच्या पदराने पुसला, कमरेवर हात ठेवले आणि सुरू केलं. आधी हिशेब चुकता केला. खुर्ची, मिशी, साखरेची डोकी, काही सोडलं नाही. मग सांगितलं, की तुमच्या नातीला तुम्ही बाहुली, कोट आणि बाजा आणलात, पोरगी नाव काढते आहे, ऐकून ठेवा. हे सांगताना तिने फोटो पुन्हा एकदा पुसला. मला वाटलं आता रडेल. रडली नाही.

गास्पारे, आईने बाबांकडे काही मागितलेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं. मीठ संपलं तरी स्वतः जायची. काल तिने मागितलं. म्हणाली, की पुढच्या सणाला मला लाल सपाता हव्यात, लोकरीच्या, घरात घालायच्या. सदतीस माप. विधवा बाई दुकानात जाऊन लाल रंग मागू शकत नाही, समोरची प्रोविदेन्झाकाकू अंथरूण धरेल. पण मृतांनी दारात आणून ठेवलेलं परत करता येत नाही, त्याला कोण काय बोलणार? तेव्हा लाल, विसरू नका.

हे ती इतक्या मोठ्याने बोलली, की पलीकडच्या दोन कुटुंबांनी वळून पाहिलं. आणि बोलताना ती दगडाकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.

इथे घेतल्या तर दुकानदार गावभर करेल. तू तिकडेच बघ, आणि तळ जाड असू दे, फरशी गार लागते तिला. माझ्यावरचा तुझा लोभ वाढता राहो.

तुझी
देत्ताताई