बँकॉकचा शुक्रवार

रविवार, १८ जानेवारी २०२६

तिकिटं झाली! २७ फेब्रुवारीला, शुक्रवारी, दुपारी मुंबईहून निघायचं, संध्याकाळी बँकॉक. पुढचं मेलबर्नचं विमान थेट शनिवारी रात्री. म्हणजे मधला अख्खा दिवस बँकॉकमध्ये.

आमच्या मुकुलला वाटतंय, स्वस्त पडलं म्हणून आम्ही हे तिकीट घेतलं. वाटू दे. डोंबिवलीत मृणालचं ट्रॅव्हलचं ऑफिस आहे, तिला मीच हळूच सांगून ठेवलेलं — मधे मोठा थांबा असेल असंच बघ गं. लेकाकडे तीन महिने राहायचंच आहे. नातवंडं, घर, स्वयंपाक, सगळं होईलच. पण हा एक दिवस मला हवा होता. कुणाच्या लग्नाला नाही, बारशाला नाही, देवाला नाही. नुसतं एक शहर बघायला.

हे म्हणतात, "विमानतळावर खुर्च्या असतात ना? बसून राहू." साठ वर्षांत देशाबाहेर पाऊल टाकलेलं नाही, आणि टाकायची वेळ आली तर म्हणे बसून राहू!

बुधवार, २१ जानेवारी

जुन्या डायरीची मागची पानं बँकॉकला दिली. तीन ठिकाणं ठरवली — नदीतली बोट, निजलेला बुद्ध, आणि फुलबाजार. फुलबाजार सगळ्यात वर.

कल्याणला बँकेत होते तेव्हा मार्केटातले फुलवाले माझ्याच काउंटरला यायचे. चलनाला झेंडूचा वास. तीस-पस्तीस वर्षं तो वास घेतला, आणि मार्केटात आत जाऊन फुलं अशी कधी बघितलीच नाहीत. साडेनऊला हजर, सहाला घरी. कल्याणचं नाही बघितलं, आता बँकॉकचं बघते. उलटं आहे, पण असू दे.

ह्यांच्या गुडघ्यासाठी प्रत्येक ठिकाणी बसायची सोय आणि टॉयलेट कुठे आहे तेही लिहून काढलं.

शनिवार, २४ जानेवारी

सोसायटीत हळदीकुंकू. बँकॉकचं नाव काढलं आणि बायका फिदीफिदी हसायला लागल्या. "तावडेकाकू, काकांना घेऊन बँकॉक? जपून हो!" सान्वीची आई तर पदर तोंडात धरून. मी म्हटलं, काकांना खुर्चीतून उठवून दाखवा, मग जपते.

वाण म्हणून चहाची गाळणी मिळाली. ही चौथी.

घरी येऊन लक्षात आलं — बँकॉकमधला आपला दिवस शनिवार. शनिवारी आमच्याकडे मासे नाहीत! सोमवार, गुरुवार, शनिवार, हे वार ह्यांच्या आईपासून चालत आलेले. समुद्राकाठच्या देशात जायचं आणि वरणभात शोधत फिरायचं. ह्यांना विचारलं, परदेशात वार लागू असतो का? म्हणाले, "वार म्हणजे वार."

गुरुवार, २९ जानेवारी

लिहवत नाही, पण लिहिते.

फाइल करायला घेतली होती. पासपोर्ट, व्हिसा, तिकीट, सगळ्याच्या दोन-दोन प्रती. ठाकुर्ली स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याने कागद काचेवर ठेवले आणि थांबला. "काकू, माणसं दोन की तीन? ही मंदाकिनी कोण आणि सगुणा कोण?"

दोन्ही मीच.

तिकिटावर मंदाकिनी सहदेव तावडे. पासपोर्टवर सगुणा सहदेव तावडे. मृणालने पासपोर्टचा फोटो मागितलेला, हे फोनवर म्हणाले, "फोटो कशाला, मी सांगतो, लिहून घे." आणि सांगितलं ते घरातलं नाव.

लग्नात ताटात तांदूळ पसरले, आणि ह्यांनी अंगठीने त्यावर मंदाकिनी लिहिलं. कारण काय, तर मोठ्या नणंदेचं नाव सगुणा, एका घरात दोन नकोत. पण मी लग्नाआधीच बँकेत लागलेली. तिथे नुसतं आडनाव बदललं, नाव तेच ठेवलं. मग पॅन, आधार, पेन्शन, पासपोर्ट सगळं सगुणा. आणि रेशनकार्ड, लग्नपत्रिका, मुकुलच्या दाखल्यावर आईचं नाव — मंदाकिनी. बँकेत सगळे तावडेबाई म्हणायचे. सगुणा म्हणून हाक मारणारं आई-अण्णांनंतर कुणी उरलंच नाही.

घरी येऊन ह्यांना दोन्ही कागद दाखवले. दोन्ही वाचले. मग म्हणाले, "अगं, मला आठवलंच नाही."

छत्तीस वर्षं! राग आला. खूप आला. आणि मग रडूही आलं. मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

शुक्रवार, ३० जानेवारी

मृणालकडे दोघं गेलो. बिचारी तीनदा विमान कंपनीशी बोलली. स्पेलिंग चुकलं असतं तर दुरुस्त झालं असतं, अख्खं नाव बदलत नाही म्हणतात. माझं तिकीट रद्द करून नवीन काढायचं. ह्यांच्या विमानात जागा शिल्लक नाही, माझी सुटलेली जागाही आधीच्या वेटिंगवाल्यांना जाणार. शनिवारचं रात्री उशिरा पोचतं, ते घेतलं तर पुढचं विमान चुकतं. राहता राहिलं गुरुवारचं, आदल्या दिवशीचं.

"काकू, तुम्ही गुरुवारी जा, काका शुक्रवारी संध्याकाळी येतील. बँकॉकमध्ये भेटा."

हे म्हणाले, "म्हणजे ही एकटी?"

मीही तेच म्हणत होते, मनात.

मुकुलला फोन केला. तो म्हणाला, "आई, सोड ना बँकॉक. दोघांचीही कॅन्सल करू, मी डायरेक्ट फ्लाइट बघतो. उगाच टेन्शन." मागून प्रियांका म्हणाली, "आईंना विचार तरी." सून चांगली आहे माझी.

शनिवार, ३१ जानेवारी

ह्यांनी स्वतः चहा केला. साखर नव्हती. मी तसाच प्यायले.

सोमवार, २ फेब्रुवारी

ठरलं. ठरलं म्हणजे मी म्हटलं आणि कुणी नाही म्हणालं नाही. डायरेक्ट नको. बँकॉक हवंच. गुरुवारचं तिकीट काढलं, सगुणा तावडे नावाने. ह्यांच्या विमानात कुणी रद्द केलं आणि जागा झाली, तर मृणाल मला हलवून देणार. म्हणाली, होतं कधी कधी.

देवापुढे दिवा लावताना तेच मागितलं. एक जागा होऊ दे. शुक्रवारचा अख्खा दिवस मी तिथे एकटी काय करू? मी मुंबईलाही एकटी जात नाही.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

कोपरीला कलावतीकडे गेलेले. ती बँकेत माझ्या शेजारच्या काउंटरला. चार वर्षांपूर्वी ग्रुप टूरने थायलंडला जाऊन आली. तिला सगळं विचारायचं म्हणून वही नेलेली. विचारलं, नदी कशी आहे? म्हणाली, बसमधून दिसली. फुलबाजार? तिथे थांबले नाहीत, दागिन्यांच्या दुकानात दोन तास थांबले. मग तू बघितलंस काय? विचार करून म्हणाली, "अगं, गाइडची छत्री."

हसून हसून डोळ्यांत पाणी. मग तीच म्हणाली, "सगुणे, मी तुझ्या जागी असते तर नाचले असते."

ती मला तावडेबाईच म्हणते. पासपोर्टची गोष्ट ऐकल्यावर मुद्दाम म्हणाली. बरं वाटलं. उगाच कशाला लपवा.

देवळात खांदे झाकलेले हवेत, चपला सुटसुटीत हव्यात, एवढं मात्र कामाचं सांगितलं.

मंगळवार, १० फेब्रुवारी

हे रोज संध्याकाळी विचारतात, "मृणालचा फोन?" मी म्हणते, नाही. मग ते टीव्ही लावतात.

आज स्वतःहून म्हणाले, "चूक माझी आहे. तुला भीती वाटत असेल तर मुकुल म्हणतो तसं करू." असं हे कधी बोलत नाहीत. मी म्हटलं, बघू. भीती वाटतेच, पण ते नाही सांगितलं.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

आज सराव केला! कुणाला सांगितलं नाही. ह्यांना म्हटलं कलावतीकडे जाते.

ठाण्याहून घोडबंदरची बस पकडली. तिकडचा रस्ता मला अजिबात माहीत नाही, कधी कामच पडलं नाही. मनात ठरवलं, हे बँकॉक. नियम दोन — मराठी-हिंदी बोलायचं नाही, कुणाला विचारायचं नाही. फक्त मोबाइलचा नकाशा आणि बोट.

कंडक्टर आला. मी मोबाइलवर स्टॉपचं नाव दाखवलं. त्याने काहीतरी विचारलं, मी पुन्हा मोबाइल दाखवला. तो मागे वळून म्हणाला, "मावशींना बोलता येत नाही, जरा बसायला द्या." एक पोरगी लगेच उठली. मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण आता बोलणार कशी? बसले. मानपाड्याला गर्दीत पाऊण तास बस जागची हलली नाही. सगळे शिव्या घालत होते आणि मला तोंड उघडता येईना.

नको त्या स्टॉपला उतरले. नकाशातला निळा ठिपका एकीकडे, मी भलतीकडे. एवढाल्या इमारती, मान दुखली वर बघून. दोनदा त्याच गेटासमोर आले. दुसऱ्यांदा वॉचमनने विचारलं, "काकू, कुणाकडे?" मी हसून पुढे. घाम फुटलेला. मग फोन उलटा धरून बघितला, सुलटा केला, आणि रस्ता कळला. कुणी सांगितला नाही. माझा मला कळला!

भूक लागलेली. एका हॉटेलात गेले. वेटर म्हणाला, "किती जण?" मी एक बोट वर केलं. मेनूवर बोट ठेवून सुरमई थाळी मागवली. शुक्रवार होता, वाराची अडचण नाही.

हॉटेलात एकटी बसून मी आयुष्यात पहिल्यांदा जेवले. आधी वाटलं सगळे बघतायत. कुणी बघत नव्हतं. मग सावकाश जेवले. कुणाला काही वाढायचं नव्हतं. कुणाच्या काट्याकडे लक्ष ठेवायचं नव्हतं. सोलकढी दुसऱ्यांदा मागितली, वाटी दाखवून. बाहेर माणसं ये-जा करत होती, मी नुसती बघत बसले. किती वेळ ते आठवत नाही. फार छान वाटलं. कशामुळे ते नीट सांगता येणार नाही, पण फार छान वाटलं.

घरी आले तर हे दारातच. "एवढा उशीर? कलावती काय म्हणते?" म्हटलं, मजेत आहे.

रविवार, १५ फेब्रुवारी

शुक्रवारचं पान पुन्हा लिहिलं. सकाळी सहाला फुलबाजार. मग बोट, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मधे उतरायचं नाही. दुपारी मासे. मग काहीच नाही. कुठेतरी बसायचं.

शनिवारचं पान ह्यांचं. त्यात बुद्ध, खुर्च्या, टॉयलेट.

बुधवार, १८ फेब्रुवारी

मुकुलला व्हिडिओ कॉलवर शुक्रवारचं पान वाचून दाखवलं. म्हणाला, "'काहीच नाही' म्हणजे काय, आई?" त्याला समजावता येईना. प्रियांका म्हणाली, "मला समजलं, आई."

शुक्रवार, २० फेब्रुवारी

सकाळी अकराला मृणालचा फोन. "काकू, पुढच्या शुक्रवारच्या, म्हणजे सत्तावीसच्या विमानात एक जागा झाली! काकांच्या शेजारचीच. तासाभरात सांगा, धरून ठेवलीय."

तास कशाला हवा होता? म्हटलं, "नको गं, दुसऱ्या कुणाला तरी दे."

हे संध्याकाळी फिरून आले. चप्पल काढता काढता म्हणाले, "मृणालचा फोन?"

मी म्हटलं, "नाही आला."