तुमचा राउटर मी रीसेट केला

अहो,

तुम्हाला जाऊन आज चोवीस दिवस झाले आणि आज पहिल्यांदा या खोलीत माझ्यावर कुणाची नजर नाहीये. म्हणून लिहायला बसले. सातवीपर्यंतचं माझं शिक्षण, तुम्हाला माहीतच आहे. चुका काढायला तुम्ही नाही, ते एक बरं झालं!

बघा, सुरुवातीलाच वाईट बोलले. बोलू द्या. पाच वर्षं तुम्हीच बोललात.

कॅमेरा काढून टाकलाय मी. टीव्हीच्या वर बसवलेला तो पांढरा, घुबडासारखा. स्वरासाठी लावतोय म्हणाला होतात, लहान पोर आहे, लक्ष राहील. स्वरा तेव्हा सहा महिन्यांची, भिंतीकडेच्या पाळण्यात. मग कॅमेऱ्याचं तोंड दाराकडं का होतं हो?

तुमचं काम मला आवडायचं, हे मात्र खरं. गुडगावच्या उंच उंच सोसायट्यांत लोकांच्या हॉलमध्ये तुम्ही थेटर उभं करायचात. मोठा टीव्ही, चारी बाजूंनी स्पीकर, सगळ्याला नेट. एवढं डोकं आपल्या माणसाला आहे, म्हणून मी माहेरी फुशारकी मारायचे. जेवायला बसलात की फोन सुरू. हातात घास तसाच आणि तुम्ही ओरडताय, "मॅडम, राउटर टीवी के पीछे मत छुपाओ! ऊपर रखो, खुले में रखो!" नाहीतर, "मॅडम, जो चीज एक जगह बैठी है उसको वायर दो. टीवी को वायर, साउंडबार को वायर. वायफाय सिर्फ घूमनेवालों के लिए." मी पोळ्या लाटत ऐकायचे.

मलाही तुम्ही एका जागी बसणाऱ्यांतच धरलं होतं ना?

लोकांनी काढलेले जुने स्पीकर घरी आणलेत. फरीदाबादच्या या दहा बाय दहाच्या खोलीत पाच स्पीकर आणि तो धडधडणारा काळा डबा! खालची हरियाणवी घरमालकीण आंटी धापा टाकत वर यायची. "रे छोरे, छत गिरावेगा के?" तुम्ही हसून आवाज आणखी वाढवायचात. मीपण हसायचे. मग ती माझ्याकडं बघून म्हणायची, "तू के हँसे सै, तू भी तो छत के नीचे सै." तेव्हा कळलं नाही मला.

तुमच्या मोबाईलमध्ये घरातल्या सगळ्या वस्तूंची यादी होती. टीव्ही, साउंडबार, कॅमेरा, आणि सगळ्यात खाली मी. माझ्या मोबाईलला नाव दिलं होतंत 'घरवाली'. प्रत्येकापुढं एक बटण, दाबलं की त्याचं नेट बंद. सकाळी भांडण झालं की गुडगावातून तुम्ही माझं बटण दाबायचात. मी आईशी बोलत असायचे व्हिडिओवर. तिचं तोंड अर्धं उघडं तसंच थिजायचं. तिला वाटायचं, पोरीनंच फोन कापला. दोन-दोन दिवस रुसायची माझ्यावर. आणि तुम्ही घरी येऊन बूट काढता काढता विचारायचात, "काय, आज नेट नव्हतं का?"

असं हसून विचारायला जमतं कसं माणसाला?

आणि पडलात कशावरून? सोफ्याच्या हातावरून! गिऱ्हाइकाच्या घरात मागचा स्पीकर छताजवळ लावायचा होता. शिडी खाली गाडीत होती, आणायचा कंटाळा केलात. मला स्टुलावर चढून डबा काढताना बघितलं तर किती शिव्या द्यायचात, आठवतंय? "अक्कल आहे का, पडशील." पडलं कोण?

दवाखान्यात पहिला दिवस तुम्ही शुद्धीवर होतात. मी स्वराला कडेवर घेऊन कॉटपाशी उभी. मला वाटलं काहीतरी बोलाल माझ्याशी. घाबरू नको म्हणाल. नुसतं पाणी दे म्हणाला असतात तरी चाललं असतं. तुम्ही मोबाईल मागितलात आणि गावी भाऊजींना लावलात. "दादा, घरचं सगळं लॉगिन तुला पाठवतोय. नेटचं, कॅमेऱ्याचं, सगळं तुझ्या मोबाईलवर ठेव. हिला काय कळतंय!"

माझ्याबद्दल हे तुमचं शेवटचं बोलणं. दुसऱ्या दिवशी डोक्यात रक्त झालं आणि संपलं. सगळ्या बायका मला म्हणत होत्या रड, रड. मी "हिला काय कळतंय" पाशीच अडकले होते.

तेरावा गावी झाला. भाऊजी म्हणाले, फरीदाबादला जा, सामान आवर, मग बघू. मी स्वराला घेऊन परत आले. तिसऱ्या दिवशी खाली बसून कांदा चिरत होते, आणि टीव्हीवरून आवाज आला, "भाजी कसली करतेस?"

विळी सरकली, बोट कापलं. मला वाटलं तुम्हीच! तुमचा आणि भाऊजींचा आवाज किती सारखा आहे, तुम्ही असताना लक्षातच आलं नव्हतं. गावात बसून मोबाईलवर बघतात आणि कॅमेऱ्यातून बोलतात. मग रोजचंच झालं. "कडी लाव." "कोण आलं होतं?" "आंटी आली होती भाऊजी." "मग तिच्यासमोर गाऊनवर कशाला बसलीस?" एकदा कॅमेऱ्यावर टॉवेल टाकला. मिनिटात फोन. "अंधार का केलास?"

कपडे बदलायला मी संडासात जायला लागले. स्वतःच्या घरात! हे तुम्हाला सांगायची लाज वाटत नाही, तुम्हीच करून ठेवलंय.

सगळ्यात वाईट काय, तर ते स्वराला विचारायचे. "बाळा, आई कुठं गेली होती?" ती कॅमेऱ्याखाली उभी राहून हात वर करून सांगायची, "काका, मम्मी आंटी के घर गई थी. काका, मम्मी रोती है." चार वर्षांचं पोर ते, त्याला काय समजणार चुगली म्हणजे काय. पण त्या दिवशी माझा हात उठला. जोरात उठला. गालावर बोटं उठली तिच्या.

वरून आवाज आला, "बघितलं मी. व्हिडिओ ठेवलाय."

मग त्यांनी सगळं बोलून टाकलं. रविवारी येतोय. स्वराचे कपडे भरून ठेव. तुझी जाऊ तिला सांभाळेल. तू तरुण आहेस, माहेरी जा, तुझं तू बघ. मारकुट्या आईकडं पोर राहू देणार नाही, वेळ पडली तर पोलिसांना व्हिडिओ दाखवीन. जाऊबाईंना मूल नाही, त्यांचं दुःख मला कळायचं. आता कळून घ्यायचं नाही मला.

त्या दिवसापासून स्वराच्या फ्रॉकला हात लावला तरी वाटायचं, वरून ते मोजतायत, किती भरले. कुणाला विचारू? कोण आहे माझं इथं?

आणि मग काल तुमचा मोबाईल वाजला. अजून वाजतो. कुलूप उघडता येत नाही, पण फोन उचलता येतो. गुडगावची कुणी मॅडम. "हॅलो भैया?"

मी म्हटलं, "भैया नहीं रहे."

"ओह! सो सॉरी." आणि लगेच, "अच्छा भाभी, टीवी पे गोल-गोल घूम रहा है बस. भैया ने पासवर्ड किसी को बताया था क्या?"

अहो, माणूस मेलाय आणि ही पासवर्ड विचारते! म्हणणार होते, वर जाऊन विचार त्यालाच. पण तोंडातून काय निघालं? "मॅडम, सुनो मेरी बात. कंपनी का डब्बा अलग है, उसको हाथ नहीं लगाना. दूसरा जो काला डब्बा है, उसके पीछे छोटा छेद है. पिन डालो, दबाके रखो, दस तक गिनो. सब बत्ती बुझेगी, डरना नहीं. फिर नीचे स्टिकर पे नया नाम, नया पासवर्ड लिखा है." अगदी तुमच्यासारखी चढ्या आवाजात!

अर्ध्या तासानं तिचा परत फोन. "भाभी, चल गया! आप भी यही काम करते हो?"

पाच वर्षं मला कळत होतं. सगळं कळत होतं. ते मलाच माहीत नव्हतं!

आज सकाळी स्वराची आंघोळ झाली आणि मी गाऊनची सेफ्टी पिन काढली. भाऊजी गावात दूध घालायला जातात ती वेळ साधली. पिन आपल्या राउटरच्या छेदात घातली आणि स्वराला म्हटलं, मोज. तिनं "वन, टू, थ्री" मोजलं. सेव्हन विसरली, म्हणून मी आणखी दोन जास्त मोजले. सगळ्या बत्त्या गेल्या. टीव्हीवरचं कार्टून गेलं आणि पोरीनं जमिनीवर लोळण घेतली. म्हटलं आता कायमचं मोडलं!

नाही मोडलं. स्टिकर वाचायला वेळ लागला, एबीसीडीचं एकेक अक्षर बोट ठेवून वाचलं. टीव्हीला वायर लावली, कॅमेऱ्याला नवा पासवर्ड दिलाच नाही. त्या वायरींची टोकं मीच दाबलेली आहेत, विसरलात का? तुमची बोटं जाड, म्हणून क्लिपांची पिशवी माझ्यापुढं ओतायचात. नारंगी-पांढरी तार, नारंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. गुडगावात किती घरांत माझ्या हातचं आहे, देव जाणे. कधी सांगितलंत कुणाला?

मग स्टुलावर चढले आणि कॅमेऱ्यातलं कार्ड काढलं. तुम्हीच फोनवर सांगायचात ना, त्यात महिनाभराचं राहतं, मग जुनं पुसून त्यावर नवं येतं. आणखी चार-पाच दिवस गेले असते तर तुम्ही पुसले गेला असतात. कार्ड माझ्या मोबाईलमध्ये घातलं आणि बघत बसले.

तुम्ही पडलात त्याच्या आदल्या दिवसाची दुपार आहे त्यात. वरणात मीठ जास्त झालं होतं. तुम्ही माझा हात मागं पिरगाळलाय आणि माझं तोंड शेगडीजवळ नेलंय. आवाजासकट आहे. मागं स्वरा उभी आहे, डोळ्यांवर हात ठेवून. माझं तिकडं लक्षच गेलं नव्हतं तेव्हा. कॅमेऱ्याला काय, समोर येईल ते तो ठेवतो.

भाऊजींचा फोन आला. "कॅमेरा का बंद आहे?"

"मी काढला."

"कुणी काढून दिला? कोण बसलंय तिथं?"

"कुणी नाही. मीच काढला."

"तुझ्या बापाला तरी जमलं असतं का ते?"

"बापाला नसतं जमलं. मला जमलं."

"फार झालं. रविवारी बघतो तुला. व्हिडिओ आहे माझ्याकडं."

"असू दे. माझ्याकडं कार्ड आहे. त्यात तुमचा भाऊ आहे. पोलिसांना दाखवायचंय तर दोन्ही दाखवू. आणि तुम्ही इथं आलात तर मी आधी सासूबाईंना पाठवीन."

भाऊजींच्या मागून तुमच्या आईचा आवाज आला, "कुणाचा फोन रे?" भाऊजी म्हणाले, "राँग नंबर." मग ते बाहेर अंगणात आले असणार, कोंबड्या ऐकू यायला लागल्या. हळू आवाजात म्हणाले, "रूपाली, आईला नको दाखवूस. रोज फोटोला हार घालते ती. मरेल."

आजवर त्यांनी मला नावानं हाक मारली नव्हती.

"मग येऊ नका."

"नाही येत."

फोन ठेवला आणि स्वतःलाच विचारलं. म्हाताऱ्या बाईला दाखवलं असतं का मी? दाखवलं असतं. त्या रडल्या असत्या आणि मी बघत राहिले असते. हे माझ्यात कुठून आलं? तुमच्याकडून आलं का? आता तुमची नाही, त्याचीच भीती वाटते मला. कडी लावून बसलेय, आणि ज्याची भीती वाटते ते कडीच्या आतच आहे.

आणखी एक सांगायचं आहे. ते लिहिलं नाही तर पाप लागेल.

त्याच दिवशीची सकाळपण आहे कार्डात. मी पाणी भरायला खाली गेले होते. तुम्ही स्वराला पायांवर उताणी घेऊन झुलवताय आणि ती हसून हसून बेजार झालीय. ती म्हणते "पप्पा और", की तुम्ही आणखी जोरात. मग ती दमून तुमच्या पोटावर झोपते आणि तुम्ही हलत नाही. माशी नाकावर बसली तरी हात हलवत नाही, नुसते फुंकर मारताय. अहो, असे होतात तर मी वर आल्यावर दुपारपर्यंत कुठं गेलात?

आधी वाटलं, एवढं कापून ठेवावं. स्वराला तेवढंच दाखवावं. कापायला मला येत नाही. पण शिकता येईल, हे आता कळलंय. तरीही कापणार नाही.

ती मोठी होईल, विचारेल, पप्पा कसे होते. तेव्हा कार्ड काढीन. तुम्हाला वचन देते, चांगलं लपवणार नाही आणि वाईट आधी लावणार नाही. आधी सकाळ दाखवीन, मग दुपार. तुम्ही ज्या क्रमानं केलंत त्याच क्रमानं.

स्वराची आई,
रूपाली